गरुड उतरला तेव्हा

दवाखाना अकरा मैलांवर. तिथला फोन
आठला उचलतात, आठ-दोनला नंबर संपलेले असतात.
म्हणून मी नेरिसकडं जातो.
पोस्टाला लागून तिचं औषधांचं दुकान,
खिडकीत गेल्या उन्हाळ्यातलं सनक्रीम
आणि लोकरीचे झगे घातलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या.

दारावरची घंटा वाजली की सगळे वळून बघतात.
गुपित इथं टिकत नाही. मिसेस प्रोबर्टच्या
पायाचं कुरूप परवा
तिच्याआधी चॅपेलात पोचलं होतं.

"बोल एमरिस, काय होतंय?"
"दुखतंय."
"कसं?"

चाळीस वर्षं मी खाणीत स्लेट फोडली.
भेग कुठं जाईल ते दगडाला कान लावून सांगेन.
पण हे 'कसं' मला कुणी विचारलं नव्हतं.
ग्वेनेथ होती तोवर मी खुर्चीत
जरा तिरका बसलो, तरी ती बाटली घेऊन यायची.

नेरिस एकेक शब्द काउंटरवर ठेवते,
सुटे पैसे मोजून द्यावेत तसा:
ठणकतंय? चमक मारते?
चुरचुरतंय, की नुसतं अवघडलंय?
माझ्यामागं तिघं. तिघांचेही कान माझ्या पाठीला.
"जळतंय," मी म्हणतो. "शर्टसुद्धा नको वाटतो."

ती फळी उचलून मला आत घेते.
खोली कसली, कपाटाची थोरली बहीण.
दोन खुर्च्या, हात धुवायचं भांडं,
वरच्या खोक्यातून नाताळची चमकी लोंबतेय.
शर्ट वर कर म्हणते. हीच ती पोर,
चॅपेलच्या सहलीत मी खांद्यावर घेतलेली,
जिनं माझ्या टोपीत उलटी केली होती.

बरगडीखालून पाठीकडं गेलेला पट्टा,
लाल, मोहरीएवढ्या फोडांचा.
"गरुड," ती म्हणते.
आमच्या बोलीत या दुखण्याला तेच नाव.
"कॉलेजात एक मुलगी होती, लांब पूर्वेकडची.
त्यांच्यात म्हणे याला नागीण म्हणतात."
"मग दोघांची गाठ घालून दे,
एकमेकांचं बघून घेतील."
ती हसली. मीही हसलो, तशी बरगडी पेटली.

आईच्या माहेरी एक म्हातारा होता.
त्याच्या खापरपणज्यानं गरुडाचं मांस खाल्लेलं,
म्हणून पुढं नऊ पिढ्या फुंकरीला गुण.
मला आठवतो त्याचा तंबाखूचा श्वास
आणि बापानं त्याला दिलेली सहा अंडी.
"फुंकर घालतेस?"
"आमच्या घराण्यात फक्त मासे खाल्ले, एमरिस.
कधीपासून आहे हे?"
"परवा."
"परवा म्हणजे?"
"रविवारी. संध्याकाळची प्रार्थना सुटल्यावर."
तिनं बोटांवर तास मोजले.
"वेळेत आलास. आणखी दोन दिवस दात खात बसला असतास
तर या गोळ्यांचा काही भरवसा नव्हता."

दिवसातून पाच, सात दिवस.
ताप चढला, डोळ्याजवळ फोड आला,
तर सरळ मोठ्या दवाखान्यात; माझी वाट बघायची नाही.
मग खोक्यावर निळ्या पेनानं वेळा लिहिल्या.
सात. अकरा. तीन. सात. अकरा.
शेवटच्या अकराखाली बारीक अक्षरात:
वरच्या मजल्यावर माझा दिवा चालू असतो.

गेल्या महिन्यात मी खोकला घेऊन आलो होतो,
त्याआधी डोळा, त्याआधी काय ते मला आठवत नाही.
तिला आठवत असणार. बोलली नाही.

रात्री अकराला गोळी हातात घेऊन
मी खिडकीशी उभा राहिलो.
पोस्टाच्या छपरावर पिवळा चौकोन होता.
पाणी प्यालो. चौकोन विझला नाही
तोवर तिथंच होतो.

दहाव्या दिवशी घंटा. वळलेली डोकी.
"आता कसं?"
मी घाई केली नाही. बोटांनी शर्टावरून
खपली चाचपली, नीट ऐकलं,
भेगेसाठी ऐकायचो तसं.
"हुळहुळतंय," मी म्हणालो.

मिसेस प्रोबर्टनं मान डोलावली,
चॅपेलात एखाद्या पोरानं
वचन न अडखळता म्हटल्यावर डोलावते तशी.